मॅपिंग एकदाच नीट करून का देत नाहीत?

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानात ऑपरेशनने बसवतात ते मशीन, त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे लावून देणं म्हणजे मॅपिंग. हा प्रश्न मला सारखा येतो, आणि विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही हो, प्रत्येक वेळी गावाहून यायचं म्हणजे एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडणार आणि कडेवर रडणारं पोर.

मागे एक जोडपं आलेलं, मुलगी सव्वादोन वर्षांची, कॉक्लिअर इम्प्लांटचं स्विच ऑन होऊन तीन महिने झालेले. बाबा वैतागलेले, "मॅडम, किती वेळा बोलावणार, एकदाच फुल आवाज करून द्या ना, अजून आई पण म्हणत नाही ती." मी म्हटलं, दादा, तिच्या कानाचं वय तीन महिने आहे, तीन महिन्यांचं बाळ आई म्हणतं का? ते जरा थांबले.

मशीन सुरुवातीला मुद्दाम कमी आवाजावर ठेवतात आणि हळूहळू वाढवतात, कारण कानाला सवय व्हावी लागते आणि पहिले काही महिने आत इलेक्ट्रोडभोवती (नसेला करंट देणारे बारीक बिंदू) बदल होत असतात, त्यामुळे लागणारा करंटही बदलत राहतो. तिच्या मशीनला 22 इलेक्ट्रोड, प्रत्येकाचे दोन आकडे ठरवायचे, जेमतेम ऐकू येईल तो खालचा आणि त्रास न होता सहन होईल तो वरचा. मोठा माणूस "बास" म्हणतो, हे पोर कसं म्हणणार? नसेचा रिस्पॉन्स कॉम्प्युटरवर मोजता येतो पण त्यातून अंदाजच मिळतो, बाकी सगळं तिच्या चेहऱ्यावरून, आणि घरच्यांकडून.

आई तोवर गप्पच होती. प्रोसेसर (मशीनचा कानावर लावायचा बाहेरचा भाग) कॉम्प्युटरला जोडला तर दिवसाचे सरासरी चारच तास वापर दिसत होता, तेव्हा ती रडायलाच लागली, म्हणाली दुपारी कॉइल (डोक्याला चुंबकाने चिकटते ती चकती) ओढून काढते पोरगी, मग मी पण नाही लावत. मी एवढंच विचारलं की ताई, दुपारी नेमकं कधी ओढते? तर म्हणे, मी भांडी घासायला बसले की.

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. त्यांना एक वही करायला सांगितली, रोज सकाळी पाठीमागून हळू आवाजात आ, ई, ऊ, म, श, स म्हणायचं आणि वळली का ते लिहायचं, शिवाय कशाने दचकते तेही. दोन आठवड्यांनी वही आली, अर्धी आजीने सांगून लिहून घेतलेली. 'स'ला ढिम्म हलत नाही, आणि स्टीलचं ताट पडलं की डोळे घट्ट मिटते.

मॅपिंग करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टने वही वाचली, मशीनवर पुन्हा तपासलं आणि 'स'सारख्या उंच पट्टीच्या आवाजांच्या इलेक्ट्रोडचा खालचा आकडा वर घेतला, वरचा खाली आणला. म्हणजे बाबा म्हणत होते तसा फुल आवाज केला असता तर पोरीने मशीनला हातच लावू दिला नसता. शिवाय थोडे थोडे वाढत जाणारे चार प्रोग्राम भरून दिले, घरीच दर आठवड्याला बदलायचे, एक फेरी वाचली. (तुम्हीही विचारा, जमण्यासारखं असेल तर देतात.)

कॉइल ओढणं पंधरा दिवसांत कमी झालं, 'स'ला वळायला दीड महिना लागला, "आई" त्याच्याही बऱ्याच नंतर.

आता सहा महिन्यांनी एकदा येतात. गेल्या वेळी बीप आला की डब्यात रिंग टाकायचा खेळ चालू होता, एका बीपला तिने रिंग हातातच धरली आणि ऑडिओलॉजिस्टकडे बघून म्हणाली, "मोठा नको."