बुरशीजन्य पीकरोगांवरच्या संशोधनात करिअर आहे का, की आयुष्यभर प्लेटा बघत बसावं लागतं?

प्लेटा, म्हणजे बुरशी वाढवायच्या चपट्या बशा, बघाव्या लागतात. पण ‘बघत बसावं लागतं’ हे आमचे एक वरिष्ठ ज्या सुरात म्हणायचे त्याच सुरात तुम्ही विचारलंय, म्हणून उत्तर लिहितेय.

पोटापाण्याचं आधी उरकते. जेआरएफ (शिष्यवृत्ती) काढा, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) करा, एआरएस (कृषी संशोधन सेवेची परीक्षा) द्या. विद्यापीठांतल्या जागा कशा भरतात (म्हणजे भरत नाहीत) ते बी.एस्सी. ॲग्री करताना ऐकलंच असेल. शेतीऔषधांच्या आणि बियाण्यांच्या कंपन्यांत पैसा बरा. काम बघायचं तर सोलापूरला डाळिंबाचं, मांजरीला द्राक्षाचं राष्ट्रीय केंद्र आहे, महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेरा रोगाचं संशोधन केंद्र.

आता प्लेटा. सांगोल्याकडे डाळिंबाला मर लागली होती. भगवा वाण, चांगली धरलेली बाग. आधी एक फांदी पिवळी पडते, मग शेजारची, आणि फळं लटकलेली असतानाच झाड उभं वाळतं. मुळं-खोडं आणून पीडीएवर (बटाट्याच्या अर्काचं, बुरशी वाढवायचं माध्यम) लावली, दोन-तीन दिवसांत फ्युजॅरियम ही पांढरट गुलाबी बुरशी प्लेटभर. सरांनी निकाल दिला: फ्युजॅरियम मर, कार्बेन्डाझिमची आळवणी लिहून द्या.

मला ते पटेना. खोड आडवं कापलं तर आत करडा-तपकिरी डाग चांदणीसारखा फाकलेला होता. फ्युजॅरियम काय, मातीत सगळीकडेच असते, धडधाकट झाडाच्या मुळावरूनही निघते. असा डाग पाडणारी दुसरी बुरशी, सेराटोसिस्टिस, मात्र सावकाश वाढते, प्लेटवर तिचा नंबर लागेपर्यंत बाकीच्यांनी जागा व्यापलेली असते. म्हणून मंडईतून गाजरं आणली. दोन चकत्यांमध्ये डागाच्या लाकडाची कपची, ओला टिपकागद घातलेला डबा, वर झाकण. ‘कोशिंबीर का?’ असं सरांनी सगळ्यांदेखत विचारलं. आठवड्याभरात गाजरावर काळे ठिपके आले, प्रत्येकाला लांब मान आणि मानेच्या टोकाला बीजाणूंचा चिकट थेंब. साध्या भिंगातून दिसत होतं. हीच सेराटोसिस्टिस. मग ती कुंडीतल्या रोपांना टोचली, रोपं वाळली, आणि वाळलेल्या खोडातून पुन्हा तीच निघाली.

यात माझा शोध काहीच नाही. डाळिंबावरची ही बुरशी कर्नाटकातून १९९० च्या दशकातच नोंदली गेली होती आणि गाजराची युक्ती तर त्याहून जुनी. सरांचं वाचन असतं तर त्यांना कोशिंबीर आठवली नसती.

फरक शेतकऱ्याला पडतो. सेराटोसिस्टिस मुळाच्या जखमेतून शिरते, शॉट होल बोरर हा बारीक भुंगेरा खोडात भोकं पाडतो तिथून शिरते, रोगट बागेतल्या गुटी कलमांबरोबर नव्या बागेत जाते. तेव्हा झाड मुळासकट काढून जाळणं, खड्ड्यातल्या मातीचा आणि त्या भुंगेऱ्याचा बंदोबस्त, रोपं कुठून आणली याची चौकशी, हे सगळं आलं. नुसती कार्बेन्डाझिम ओतत राहिलं तर शेजारची झाडं रांगेने जातात. नाव चुकलं की पैसा मातीत. डाळिंबावरचा तेल्या रोग जिवाणूमुळे होतो, तरी ‘तेल्यावर कुठलं बुरशीनाशक?’ असं विचारणारे आणि बिनदिक्कत बाटली काढून देणारे रोज भेटतात.

हल्ली मुलं प्लेटवर जे पहिलं वाढेल ते सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचून नाव काढायला, पाठवतात. मशीन फ्युजॅरियमचं नाव बिनचूक स्पेलिंगसह देतं, आणि झाड मेलेलं असतं भलत्याच कारणाने.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, हे काम प्लेटीपाशी सुरू होत नाही. गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणाऱ्या के. सी. मेहतांनी आग्र्यात राहून वर्षानुवर्षं डोंगर पालथे घातले, तेव्हा कळलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा टिकत नाही, दरवर्षी डोंगरांकडून नव्याने येतो. गाईड निवडताना पेपर मोजू नका. त्यांच्या गाडीत करवत आणि खुरपं आहे का ते बघा.

हां, फ्युजॅरियमनेही डाळिंब मरतं, सूत्रकृमींनी (मातीतल्या सूक्ष्म कृमींनी) मुळं फोडलेली असली तर जास्तच. प्रत्येक मर सेराटोसिस्टिसची नसते, त्यामुळे माझं वाचून कोणी परस्पर औषध ओतू नये. पण ‘दोन्ही सापडल्या, दोन्ही लिहून टाका’ हे निदान नव्हे. आमच्या अहवालात शेवटी तेच झालं. निरोगी झाडाच्या मुळाची प्लेट मी शेजारी लावली होती, तिच्यावरही फ्युजॅरियम आली होती. त्या प्लेटीचा फोटो तेवढा अहवालात घेतला गेला नाही.