केंद्रातून घरी आलोय, आता ग्रुप कसा शोधू?

प्रश्न : ताई, दारू सोडण्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रात राहून नुकताच घरी आलोय. डिस्चार्जच्या वेळी समुपदेशक मॅडम म्हणाल्या की जवळचा एखादा ग्रुप शोधा नि जात रहा. एका मीटिंगला जाऊन आलो तर चारच माणसं, सगळी वयाने मोठी, वर शेवटी प्रार्थना, माझा देवावर फार विश्वास नाही. शिवाय कोणी ओळखीचं भेटलं तर? बायको म्हणते मीपण येते, ते चालतं का? नाहीच जमलं ग्रुपचं तर घरी बसून नाही का राहता येणार?
(नाव छापू नये)

उत्तर : दादा, पहिल्या मीटिंगला जायचं म्हणून लोक दारापर्यंत जातात नि मागे फिरतात, तुम्ही आत जाऊन शेवटपर्यंत बसलात, म्हणजे कठीण होतं ते तुम्ही केलंय. आता फक्त एका मीटिंगवरून सगळ्याच ग्रुपांना फुली मारू नका. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना, तिचा प्रत्येक ग्रुप आपापला स्वतंत्र चालतो, कुठे म्हातारी मंडळी जास्त, कुठे तरुण, कुठे नुसत्या बायकांचा ग्रुप, कुठे प्रार्थना मोठी तर कुठे नावापुरती, त्यामुळे तीनचार ठिकाणी जाऊन बघा आणि एकेका ठिकाणी निदान दोनदा तरी जा, कारण पहिल्या खेपेला आपलं निम्मं लक्ष दाराकडेच असतं.

शोधायचं म्हणाल तर तुमच्या त्या मॅडमनाच परत फोन करा, त्यांना आसपासचे ग्रुप माहीत असतात. एएच्या वेबसाइटवर मीटिंगची यादी असते, पण वार-वेळ बदलत राहते म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करा, मीटिंग ओपन की क्लोज्ड तेही तेव्हाच विचारा. क्लोज्ड म्हणजे फक्त ज्यांना दारू सोडायचीय त्यांच्यासाठी, ओपनला घरचेही बसू शकतात. फी नसते, शेवटी डबा फिरतो त्यात टाकायचं तर टाका नाहीतर पुढे द्या. जो ‘ग्रुप’ आधी पैसे मागेल किंवा परत ॲडमिट व्हायचा आग्रह धरेल तिथून मात्र उठून या.

ओळखीचं कोणी भेटलं तर ते ज्या कामाला आलंय त्याच कामाला तुम्ही आलाय, त्यालाही नाव बाहेर जायला नकोच असतं. आडनाव सांगावं लागत नाही, बोलायची सक्ती नाही, “आज फक्त ऐकतो” म्हटलं तरी चालतं. तरी धाकधूक वाटली तर थोडं लांबचा ग्रुप बघा किंवा कॅमेरा बंद ठेवून ऑनलाइन मीटिंगला बसा.

देवाचं म्हणाल तर एएच्या 12 पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहायला एए सांगते त्या टप्प्यांमध्ये, देव आहे हे खरं, पण ‘आपल्याला जसा समजला तसा’ असंच तिथे म्हटलंय, आणि ग्रुप हीच आपल्यापेक्षा मोठी शक्ती असं मानून वर्षानुवर्षं टिकलेले नास्तिकही आहेत. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. तरी नाहीच पटलं तर 1994 साली सुरू झालेलं स्मार्ट रिकव्हरी आहे, त्यात देव-प्रार्थना काही नाही, तलफ कशी हाताळायची ते शिकवतात, ऑनलाइनही चालतं.

आता घरी बसून राहण्याबद्दल. 1935 साली अमेरिकेत ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा होता, दारू सोडून काही महिने झालेले, धंद्याचं काम फिसकटलेलं, एका बाजूला बार आणि एका बाजूला फोन. त्याने चर्चची नावं बघून फोन लावायला सुरुवात केली, मला बोलायला कुणीतरी दारुड्या पाहिजे म्हणून, त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि दोघांतून एए उभी राहिली. त्याला त्या क्षणी आपल्यासारखा दुसरा माणूस पाहिजे होता आणि तुम्हालाही तोच लागणार आहे, म्हणून मीटिंग संपली की लगेच पळू नका, दोघातिघांचे नंबर घ्या आणि बरं चाललं असतानाच एकदा फोन करून बघा, कारण तलफ आल्यावर पहिल्यांदाच कुणाला फोन लावायचा म्हणजे हात उचलत नाही. कोक्रेन या उपचारांवरचे अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये 27 अभ्यास एकत्र तपासले, त्यात दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि तिकडे वळवणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस दिसले, म्हणून मी एवढं मागे लागतेय.

वहिनींना ओपन मीटिंगला खुशाल न्या, पण त्यांना स्वतःचाही ग्रुप मिळू दे. अल-अनॉन हा घरच्यांसाठी आहे, 1951 पासूनचा, बिलची बायको लोइस हिनेच पुढाकार घेतलेला. तुम्ही काय पिता, कुठे जाता यावर नजर ठेवून ठेवून बायकांचं जे होतं ते तिथे न लाजता बोलता येतं, आणि तुम्ही मीटिंगला जा किंवा नका जाऊ, त्यांनी तरी जावंच.

एक मात्र नीट वाचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर ग्रुपमधल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, एएचं स्वतःचंही म्हणणं आहे की सदस्यांनी डॉक्टरकी करू नये. गोळी डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास देणारी असेल तर ती थांबवल्यावरही दोनेक आठवडे दारूने जोरदार त्रास होऊ शकतो. आणि परत रोज पिणं सुरू झालंच तर घरच्या घरी एकदम बंद करायला जाऊ नका, पुढच्या दोनचार दिवसांत फिट येणं, भास होणं, जिवावर बेतणं असं होऊ शकतं, आधी डॉक्टर गाठा, आणि बरं वाटलं की त्याच आठवड्यात मीटिंगला जाऊन बसा. ‘आता कुठल्या तोंडाने जाऊ’ असं वाटेल, पण तिथे बसलेल्या बऱ्याच जणांनी हे भोगलेलं असतं.