स्क्राइबसमध्ये मराठी अक्षरे का फुटतात?

प्रश्न : आठवीच्या मुलांकडून स्क्राइबस या पानांची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये शाळेचे भित्तिपत्रक करून घेत आहोत. 'शिक्षण'मधली वेलांटी 'श'नंतर पडते, जोडाक्षरे सुटी होतात. शिवाय पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर फाइल नेली की चित्रे गायब. काय करावे?

उत्तर : तुमच्याकडे बहुधा १.४ आवृत्ती आहे. तिला देवनागरीची जोडणी जमत नाही. १.६ घ्या, तीही मोफतच आहे. मजकूर मात्र युनिकोडमध्येच टाइप केलेला हवा. फॉन्ट 'मुक्त' किंवा 'बालू' चालेल, पण एका पानावर दोनहून अधिक नकोत.

चित्रे गायब होतात, कारण फाइलमध्ये चित्र नसतेच, फक्त त्याचा पत्ता असतो. फाइल मेनूतले 'कलेक्ट फॉर आउटपुट' वापरून तयार होणारे अख्खे फोल्डर न्या.

आता मांडणी. ए-४ पानाला चारही बाजूंनी १५ मिमी समास ठेवा. मजकूर १२ पॉइंटचा असेल तर ओळींतले अंतर १८ पॉइंट द्या. १४ वर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. मथळा रुंद करायला मुले हमखास ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, वाढवतात, त्याने शिरोरेषा तुटते आणि 'शाळा' हा शब्द तुकड्यातुकड्यांत दिसतो. ते करू देऊ नका, अक्षराचा आकारच वाढवायला सांगा.

फोटोचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या, गणित पक्के होते. छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरा: ६०० पिक्सेल भागिले ३०० म्हणजे २ इंच. त्याहून मोठा छापला तर धूसर दिसणार.