बिऱ्हाड जर्मनीला हलवताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जर्मनीतल्या भाड्याच्या घरांबद्दल जाता जाता दोन ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून गेला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही म्हणून चार पत्रं निवडलीत. मी इथे चौदा वर्षं आहे, आले तेव्हा कडेवर दीड वर्षाचं पोर होतं आणि जर्मन शून्य, त्यामुळे जे लिहितेय ते बरंचसं आपटून शिकलेलं आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. मला म्युनिकला जॉब मिळालाय, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, जाणार आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. बायको बँकेत आहे, तिला नोकरी सोडावी लागेल. सगळ्यांनी एकदम जावं की मी आधी जाऊन सेट व्हावं? शाळेचं आधी बघायचं की घराचं? सामान काय न्यायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो, डोक्याचा भुगा झालाय.

उत्तर : आधी घर. राहायला आलात की दोन आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं, आणि त्या एका कागदावर पुढे टॅक्सचा नंबर, बँक, मुलाची किटा म्हणजे इथली बालवाडी, सगळं अडकलेलं असतं. मुलीची प्राथमिक शाळासुद्धा पत्त्यावरूनच ठरते, तुमचा रस्ता ज्या शाळेच्या हद्दीत ती तुमची शाळा. त्यामुळे भारतात बसून शाळा शोधत असाल तर सोडून द्या. सहा वर्षांपुढच्या मुलाला शाळा सक्तीची आहे, घरी शिकवायची सोय कायद्यात नाही, म्हणजे वर्षाच्या मधेच गेलात तरी शाळेला तिला घ्यावं लागतं, ती काळजी नको.

म्हणून माझं मत, तुम्ही पुढे जा, पण दोन-तीन महिन्यांच्या वर एकटे राहू नका. पहिल्यांदा फर्निचरवालं तात्पुरतं घर घ्या, आणि घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा, इथे आनमेल्डुंग करता येईल का? नाही म्हणाले तर कितीही छान असू दे, पुढे चला. मग पक्कं घर शोधायचं. घरमालक तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागतात, शुफा नावाचा क्रेडिट रिपोर्ट मागतात जो नव्या माणसाकडे नसतोच, आणि म्युनिकमध्ये एका घरामागे किती माणसं लागलेली असतात ते विचारूच नका. डिपॉझिट मात्र तीन महिन्यांच्या मूळ भाड्याच्या वर मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. अजून एक धक्का आधीच देऊन ठेवते, पुष्कळ घरांना किचनच नसतं. म्हणजे खोली असते, पण आत नुसत्या भिंती, नळाचा पाइप आणि लोंबणाऱ्या वायरी, कारण आधीचा भाडेकरू ओटा, सिंक, कपाटं उचलून घेऊन गेलेला असतो. जुनं किचन विकत मिळतं, जाणाऱ्यालाच विचारा.

आणि घर मिळालं की त्याच दिवशी लेटरबॉक्सवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटवा. हसू नका. आमचा टॅक्सचा नंबर पोस्टाने यायचा होता, तीन आठवडे नवरा ऑफिसमधून आला की आधी डबा उघडून बघायचा, रोज पिझ्झाची जाहिरात. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजी मला हाताला धरून घेऊन गेल्या आणि डब्यावर बोट ठेवलं, तिथे आधीच्या माणसाचं नाव. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव वाचतो, नाव नाही म्हणजे माणूस नाही, पत्र परत. मी वहीचा कागद फाडून नाव लिहिलं आणि सेलोटेप मारली, पण नंबर परत मागवण्यात अजून महिना गेला. तो वेळेत नाही पोचला तर पगारातून टॅक्स सगळ्यात जड दराने कापला जाऊ शकतो, नंतर मिळतो परत, पण नेमका तेव्हाच हात आवळलेला असतो.

हेल्थ इन्शुरन्स कुठला हवा असं तुमची नोकरीची कंपनी विचारेल तेव्हा घाई करू नका. सरकारी योजनेत न कमावणारी बायको आणि मुलं तुमच्याच हप्त्यात येतात, जादा पैसे नाहीत. खासगीत दरडोई वेगळा हप्ता. पगार ठराविक मर्यादेच्या वर असेल, २०२५ ला ती वर्षाला ७३,८०० युरो होती, तरच खासगीचा पर्याय असतो आणि एजंट लोक तरुण माणसाला स्वस्त आकडा दाखवून तिकडे ओढतात. परत सरकारीत येणं अवघड, पंचावन्ननंतर तर जवळजवळ अशक्य. चौघांचं कुटुंब असेल तर मी डोळे मिटून सरकारी म्हणेन. किंडरगेल्ड म्हणजे मुलांचा भत्ता, २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो, त्याचा अर्ज स्वतः करावा लागतो आणि मागचे फक्त सहा महिन्यांचे मिळतात, तेव्हा विसरू नका.

मुलीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तुमचं बायर्न राज्य आहे. तिथे चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिघांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, नाहीतर दुसऱ्या प्रकारची शाळा. इथे १ हा सगळ्यात चांगला मार्क आणि ६ सगळ्यात वाईट, उलटं वाटतं पण सवय होते. सात वर्षांच्या मुलीकडे चौथीपर्यंत फार वेळ नाही. घाबरायचं कारण नाही, पुढे वाटा बदलता येतात, पण निघायच्या आधी तिचा गणिताचा क्लास लावायच्या ऐवजी जर्मन गाणी, जर्मन कार्टून चालू करा, त्याचा उपयोग जास्त. शाळा दुपारी लवकर सुटते, बऱ्याच ठिकाणी साडेअकरा ते एकच्या दरम्यान. पुढे हॉर्ट म्हणजे शाळेनंतरची सोय लागते, तिची जागा वेगळी मागावी लागते. पूर्ण दिवसाच्या सोयीचा कायदेशीर हक्क २०२६-२७ पासून लागू होतोय, तोही पहिलीच्या मुलांपासून, म्हणजे तुमची मुलगी बहुधा त्यात बसत नाही. धाकट्याला किटाचा हक्क कायद्याने आहे, एक वर्षापुढच्या प्रत्येक मुलाला २०१३ पासून आहे, पण हक्क आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात ऑनलाइन नाव टाका.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीत ते. तुमच्या पत्रात बायकोबद्दल एकच वाक्य आहे, तिला नोकरी सोडावी लागेल. तुम्हाला सोमवारी सकाळी ऑफिस आहे, इंग्लिश बोलणारी टीम आहे, कॉफी मशीन आहे. तिला काय आहे? ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा असते, ऐकायला मस्त, पण परीक्षा नाही म्हणून कोणी शिकत नाही आणि भाषा नाही म्हणून नोकरी नाही, असं करत तीन वर्षं जातात, मी किती जणी बघितल्यात. तुम्ही पुढे जाल ते दोन महिने तिला संध्याकाळी ए-वनचा, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीचा, क्लास करू द्या, मुलं त्या वेळी कोण बघणार ते आत्ता ठरवा. गेल्यावर इंटिग्रेशन कोर्स असतो, साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख. आणि तुम्हीही शिका हो, ब्लू कार्डवर बी-वन म्हणजे तिसरी पायरी असेल तर कायमचा परवाना २१ महिन्यांत मागता येतो, नुसतं ए-वन असेल तर २७.

सामान. विजेचा दाब सारखाच, मिक्सर चालतो, प्लगला अडॅप्टर लागेल. कुकर न्या पण तळ चुंबकाला चिकटतो का बघून न्या, घरात इंडक्शन असलं तर बाकीचे कुकर शोभेचे. मुलांची लसीकरणाची कार्डं हातातल्या बॅगेत ठेवा, २०२० पासून गोवराची लस दाखवल्याशिवाय किटात घेत नाहीत. जन्मदाखले, लग्नाचा दाखला, त्यांची जर्मन भाषांतरं. थंडीचे कपडे नेऊ नका, इथेच घ्या, मुलांचे तर जुने बाजारात चांगले मिळतात.

प्रश्न : ताई, मी बर्लिनला पाच महिन्यांपूर्वी आले. मुलगा चार वर्षांचा. किटात तो एक शब्द बोलत नाही, टीचर म्हणाल्या घरी थोडं जर्मन बोलत जा. आणि माझंही काही खरं नाही, नवरा गेला की भिंतींशी बोलते. नोव्हेंबरपासून तर चारलाच अंधार. मला एकेरीच बोला.

उत्तर : अगं, मुलाचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. नवीन भाषेत पडलेली मुलं कित्येक महिने गप्प बसतात, ऐकत असतात, साठवत असतात. माझा लेक जवळजवळ सात महिने गप्प होता, मी रोज दारात उभी राहून टीचरच्या तोंडाकडे बघायचे, ती मान हलवायची. मग एकदा न्यायला गेले तर आतून केवढ्यांदा आवाज आला, ‘माइन्स!’ म्हणजे माझं! एक लाल फावडं होतं, त्याच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा मुलगा लोंबत होता. मला रडूच आलं. घरी मराठीच बोल, भरपूर बोल. तुझं तुटकं जर्मन ऐकून तो तुटकं जर्मन शिकेल, ते त्याला किटात नीट मिळतंय, मराठी मात्र तुझ्याशिवाय कोण देणार? टीचर प्रेमानेच म्हणाल्या असतील, त्यांना हसून हो म्हण आणि विषय सोड. एवढंच बघ की घरी तो नेहमीसारखा बडबडतोय, किटात खुणेने का होईना खेळतोय. घरीही गप्प झाला असेल तर मात्र मुलांच्या डॉक्टरशी बोल.

आता तू. घरात बसून बरं वाटायची वाट बघू नकोस, नाही वाटत. डिसेंबरमध्ये बर्लिनला चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून सकाळी त्याला सोडलं की तशीच बाहेर राहा, अर्धा तास चाल, पाऊस असला तरी, इथली माणसं पावसाला सुट्टी देत नाहीत. किटाच्या दारात मुलांचे बूट काढताना बाकावर ज्या आया बसतात त्यातल्या एकीला धर. एकच. माझी पहिली मैत्रीण तुर्की होती, तिला इंग्लिश येत नव्हतं आणि मला जर्मन, आम्ही दोघी मोडकंतोडकं बोलायचो आणि एकमेकींच्या चुका दोघींनाही कळायच्या नाहीत, इतकं सुखाचं जर्मन मी नंतर कधी बोलले नाही. लायब्ररीत आणि फॅमिली सेंटरमध्ये श्प्राखकाफे असतात, फुकट गप्पांचे गट, पहिल्या वेळी पोटात गोळा येईल, दुसऱ्या वेळी जा. मराठी लोकांचे ग्रुप आहेतच, जरूर जा, पण सगळा आठवडा तिथेच घालवू नकोस. आणि नवऱ्याला हे पत्र दाखव. मला लिहिलंस तसं त्याला बोलली असशीलच असं नाही. झोप, भूक उडाली असेल, रडू थांबत नसेल तर डॉक्टरकडे जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : आम्ही स्टुटगार्टला राहतो. मागच्या आठवड्यात आमच्या दाराच्या हँडलला कोणीतरी पाटी अडकवून गेलं, ‘केअरवोखे’ असं काहीतरी. शेजारच्या काकू तेव्हापासून रागाने बघतात. मुलांच्या धावण्यावरूनही एकदा बोलल्या. पोलीस वगैरे बोलावतील का?

उत्तर : पाटी बघून तुम्ही काय केलंत? बाजूला ठेवून दिली ना? हो, तिथेच घोळ झाला. ती पाटी म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. तुमच्या श्वाबेन भागातली ही जुनी प्रथा आहे, केअरन म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. जिना, दारासमोरची जागा, कधी कचऱ्याचे डबे बाहेर काढणं हे सगळं करायचं आणि आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला अडकवायची. करारात किंवा घराच्या नियमांत लिहिलेलं असेल तर टाळता येत नाही. उद्याच झाडा, आणि काकू घरी असतील अशा वेळी झाडा.

आवाजाचं म्हणाल तर मुलांच्या नेहमीच्या खेळण्याचा आवाज शेजाऱ्यांना सहन करावा लागतो, कोर्टंही साधारण तेच सांगतात, त्यावरून कोणी लगेच पोलीस बोलावत नाही. पण रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी पूर्ण दिवस. रविवारी ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये फोडत टाकणं नाही. दुपारी एक ते तीनचा नियम सगळीकडे नसतो, तुमच्या घराच्या नियमांत बघा. एक जाड गालिचा टाका, आणि मुलाच्या वाढदिवसाच्या आधी जिन्यात चिठ्ठी लावा की शनिवारी थोडा गोंगाट होईल, माफ करा. बेल वाजवून केकचा तुकडा दिलात तर काकू पुढच्या वेळी तुमचं पार्सल घेऊन ठेवतील, आमच्याकडे असंच झालं.

प्रश्न : मुलीला १०२ ताप, डॉक्टरांनी काही न देता घरी पाठवलं, चहा पाजा म्हणाले! शनिवार-रविवारी कुठे जायचं? आम्ही दोघं नोकरी करतो, रजा संपत आल्यात.

उत्तर : सगळ्यांचं पहिलं वर्ष हेच असतं. व्हायरल तापाला इथे अँटिबायोटिक देत नाहीत, आराम, पाणी, गरज पडली तर तापाचं औषध, झालं. पण बाळ फार लहान असेल, सुस्त पडलं असेल, पाणी पीत नसेल तर ऐकून गप्प बसू नका, परत जा. क्लिनिक बंद असताना ११६११७ वर फोन करा, जीवावरचं असेल तर ११२. रजेचं म्हणाल तर आपली सुट्टी कशाला घालवताय? सरकारी इन्शुरन्स असेल तर बारा वर्षांखालचं मूल आजारी पडलं की २०२५ मध्ये आई-बाबा प्रत्येकी, दर मुलामागे वर्षाला १५ दिवस मिळतात, पगाराऐवजी इन्शुरन्सकडून पैसे येतात, पगाराच्या जवळपास. त्यासाठी डॉक्टरकडून मूल आजारी असल्याचा दाखला लागतो, तो त्या दिवशी चहाच्या सल्ल्यासोबत मागायचा होता. सोमवारी फोन करून विचारा, कधीकधी मागच्या तारखेचा देतात.