फिशटँकचं पाणी दर रविवारी पूर्ण बदलते, तरी मासे मरतात आणि झाडं कुजतात. काय चुकतंय?

पूर्ण बदलता, हेच चुकतंय. या एका गोष्टीवरून माझं आणि धाकट्या दिरांचं अजून वाजतं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

हॉलमधली टाकी माझी. त्यात मॉली, प्लॅटी, गप्पी हे मासे, मागे व्हॅलिस्नेरिया आणि लाकडाला बांधलेला अनुबियास ही झाडं. एका दिवाळीत मी भाऊबीजेला माहेरी गेले आणि भाऊजींना टाकी ‘घाण’ दिसली. मासे बादलीत काढले, खडी चाळणीत घालून खळखळून धुतली, फिल्टरचा तपकिरी, बुळबुळीत स्पंज नळाखाली पार पांढरा होईस्तोवर पिळला आणि नळाचंच ताजं पाणी भरलं. मला फोटो आला, ‘वहिनी, बघा आता!’ दिसत होती झकास. मी परतले तेव्हा पाणी दुधाळ झालेलं, मॉली वर येऊन हवा ओढतायत, कल्ले लालभडक. बहुतेक गेले. सासूबाई म्हणाल्या, ‘घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं.’ कसलं संकट! स्पंजातले जिवाणू धुऊन गटारात गेले, एवढंच झालं होतं.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट बरंच सोसतं आणि झाडं ते खातात. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजावर आणि खडीवर चिकटून असतात. नव्या टाकीत ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर रविवारी खडी-स्पंजही धुवत असाल (धुवतच असणार), तर तुमची टाकी कायम नवीच. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, तेही जिवाणूंना आणि माशांना मारक.

तेव्हा आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा किंवा अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घाला. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबायचा. पाणी चहासारखं होतं, तेवढं पुरे. स्पंज तपकिरीच राहायला हवा.

भाऊजींचा दुसरा हट्ट, रात्री फिल्टर बंद. का, तर बिल येतं. सहा वॅटचं यंत्र महिनाभर अखंड चाललं तरी चार-साडेचार युनिट होतात. आणि रात्री झाडंसुद्धा ऑक्सिजन ओढतात, म्हणजे फिल्टरची खरी गरज तेव्हाच. हे मी त्यांना कॅल्क्युलेटरवर करून दाखवलंय. ‘मासे खाद्यानं मेले’ हे पालुपद मात्र सुटत नाही. तेच खाद्य, त्याच डब्यातलं, वाचलेल्या प्लॅटी पुढे खात होत्या, त्यांना काही झालं नाही!

झाडांचं राहिलं. अनुबियास किंवा जावा फर्न असेल तर त्याचा आडवा जाड कंद खडीत पुरू नका, हमखास कुजतो. लाकडाला दोऱ्यानं बांधा. व्हॅलिस्नेरियाची पानं लावल्यावर विरघळतात, ते उपटू नका, मुळाशी नवी फुटतात. दिवा सात-आठ तास, जास्त ठेवलात तर शेवाळ माजतं. शेवाळावर उपाय म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारतो, तो घेऊ नका. फूटभर वाढतो आणि स्वतःच सगळ्यात जास्त घाण करतो.

मासे आत्ता या क्षणी वर येऊन धापा टाकत असतील तर मात्र पाव टाकीचा नियम बाजूला ठेवा, क्लोरीन काढलेल्या पाण्यानं निम्मं पाणी लगेच बदला आणि दोन दिवस खाद्य बंद. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण ते जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. मॉली-गप्पींना चालतं, निऑन टेट्रा त्यात आणू नका. आणि घरात कुणाला साफसफाईची हौस असेल तर त्यांच्या हाती काच पुसायचं फडकं द्या, बाहेरच्या बाजूचं.