वाचकांचे प्रश्न : मेंटॉर मिळाला, पुढे काय?

वैद्यकीय, दंत, नर्सिंग, फिजिओथेरपी, औषधनिर्माण अशा शाखांत नव्याने शिकवू लागलेल्या प्राध्यापकांच्या आणि एका विभागप्रमुखांच्या पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : नोकरीला लागून आठ महिने झाले. विभागाने एक ज्येष्ठ प्राध्यापिका मेंटॉर म्हणून नेमून दिल्या. तीनदा भेटलो. ‘कसं चाललंय?’ ‘बरं चाललंय’ याच्या पुढे गाडी जात नाही. त्यांचा वेळ फुकट घालवतोय असं वाटतं. – सहाय्यक प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्र

भेटीचे मुद्दे तुम्ही घेऊन जायचे, त्यांनी नाही. गाडं बहुतेक वेळा इथेच अडतं. मॅडम काहीतरी सांगतील म्हणून नवा माणूस वाट बघतो, आणि याला काय हवंय ते हाच सांगेल म्हणून मॅडम.

भेटीच्या दोन दिवस आधी त्यांना अर्ध्या पानाचा मजकूर पाठवा. मागे ठरलेल्यातलं काय झालं, काय राहिलं आणि का. आज कोणत्या एका गोष्टीवर सल्ला हवा. आणि त्यावर तुमच्या मनात कोणते पर्याय आहेत. हा शेवटचा भाग लोक गाळतात आणि तिथेच भेट वाया जाते. ‘संशोधनाचं काय करू?’ याला कोण काय उत्तर देणार? त्याऐवजी असं लिहा : ‘पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर अध्यापनपद्धतीचा अभ्यास करू, की प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदी घेऊ? पहिल्यात बॅच सहा महिन्यांत पुढे जाते, दुसऱ्यात नोंदी अर्धवट आहेत. एथिक्स कमिटीची (संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची) परवानगी दोन्हींना लागेल.’ यावर अनुभवी माणूस दहा मिनिटांत नेमकं बोलतो. कदाचित तुम्हाला न सुचलेलंही सांगेल, की स्वतःच्याच विद्यार्थ्यांची संमती कितपत मोकळेपणाने दिलेली आहे, हे कमिटी विचारणारच.

भेट पाऊण तासाची, पहिले सहा महिने महिन्यातून एकदा, मग दीड-दोन महिन्यांनी. भेट झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींची ई-मेल : कोण, काय, कधीपर्यंत.

वर्षाचा आराखडाही हवाच, पण तो लिहिण्याआधी दोन आठवडे आपला वेळ कुठे जातो ते तासांत टिपून ठेवा. कागदावर ‘संशोधनाला आठवड्यातून दोन अर्धे दिवस’ असतात. वहीत दिसतं की एक परीक्षेच्या कामाने खाल्ला आणि दुसरा कुणाच्या तरी बदली तासाने. मग उद्दिष्टं दोनच ठेवा आणि यंदा काय करणार नाही, तेही एक लिहा. सात उद्दिष्टांचा आराखडा वर्षअखेरीस कोणी उघडूनही बघत नाही.

एक खबरदारी. तुमचा वार्षिक अहवाल मेंटॉरच लिहीत असतील, तर कच्चे दुवे त्यांच्यापुढे तुम्ही उघडे करणार नाही. ते स्वाभाविकच आहे. त्यासाठी दुसऱ्या विभागातलं एक माणूस गाठा. एकाच मेंटॉरकडून अध्यापन, संशोधन आणि नोकरीतले पेच या सगळ्यांची अपेक्षा धरूही नये.

प्रश्न : माझे मार्गदर्शक माझ्या प्रत्येक लेखावर स्वतःचं नाव पहिलं घालतात. एका लेखात तर त्यांनी मसुदाही वाचला नव्हता. बोलू कसं? – अधिव्याख्याता, फिजिओथेरपी

आधी नियम. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने (आयसीएमजेई) लेखक म्हणवण्यासाठी चार निकष घातले आहेत : संकल्पना, रचना, माहिती गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मूलगामी सुधारणा, अंतिम प्रतीला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही लागतात. नुसता निधी मिळवून देणं किंवा गटावर वरवर देखरेख ठेवणं यावर लेखकपद मिळत नाही. त्यांची जागा आभारात.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती तुमच्या विरोधात जाऊ शकते. पहिल्या निकषात बसणाऱ्याला मसुदा वाचण्याची आणि मान्यता देण्याची संधी द्यावी, असंही तीच समिती सांगते. म्हणजे संकल्पना सरांची असेल, तर ‘त्यांनी वाचलंच नाही’ म्हणून नाव गाळता येत नाही. मसुदा पाठवा, तारीख द्या, आठवण करा आणि हे सगळं लेखी ठेवा.

झालेल्या लेखावर भांडण काढण्यापेक्षा पुढच्या लेखापासून सुरुवात करा. प्रस्ताव लिहितानाच एक तक्ता जोडा : कोण काय करणार आणि नावांचा क्रम काय. लेखात कुणी काय काम केलं ते नोंदवण्याच्या ‘क्रेडिट’ या वर्गवारीत अशा 14 भूमिका तयार मिळतात आणि अनेक नियतकालिकं त्या मागतातच. म्हणजे विषय तुम्ही काढलेला दिसत नाही. वाक्य साधं ठेवा : ‘सर, नियतकालिक भूमिका विचारतंय. मी असं भरलंय, तुम्ही एकदा बघाल का? पहिलं नाव माझं धरलंय, कारण विश्लेषण आणि मसुदा माझा आहे.’ क्रम मध्येच बदलावा लागला तर तक्ताही बदला, तारखेसह.

2016 साली विनीत चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ‘जामा’ या नियतकालिकात मेंटॉरच्या अशा गैरवर्तनाचे सहा प्रकार मांडले. काम आणि कल्पना पळवणारा, स्वतःची कामं शिष्यावर लादणारा आणि शिष्याला दुसऱ्या कुणाकडे जाऊ न देणारा हे उघड त्रास देणारे. वेळेअभावी सगळं अडवून ठेवणारा, वाद टाळायला गप्प बसणारा आणि सतत दौऱ्यावर असणारा हे न कळत नुकसान करणारे. दौऱ्यावरच्या माणसाशी वेळा बांधून घेतल्या की भागतं. पळवणाऱ्याशी मात्र बोलणी करत बसण्यात अर्थ नाही, बाहेर पडायची वाट शोधा. त्याआधी दुसरा मेंटॉर पक्का करा.

प्रश्न : दोन वर्षांच्या अनुभवावर मला क्लिनिकल पोस्टिंगचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वॉर्डातल्या प्रशिक्षणाचं, समन्वयक केलं. समितीत सगळे माझ्याहून ज्येष्ठ. बैठकीत माना डोलावतात, नंतर कोणी काही करत नाही. – ट्यूटर, नर्सिंग

जबाबदारी दिली, अधिकार दिला का? आधी एक पत्र मागा : वेळापत्रक अंतिम कोण करणार, वाद झाला तर कोणाकडे जायचं, मुदत कधीपर्यंत. हे कागदावर नसेल तर तुम्ही फक्त निरोप पोचवणार.

मग अडचण कोणत्या जातीची आहे ते बघा. रोनाल्ड हायफेट्झ यांनी नेतृत्वाच्या अभ्यासात केलेला फरक इथे कामाला येतो : तांत्रिक अडचणीला माहितगाराचं उत्तर पुरतं, दुसऱ्या प्रकारात माणसांना सवय किंवा सोय सोडावी लागते. एकाच वॉर्डात एकाच सकाळी दोन बॅच येतात, ही तांत्रिक अडचण; तक्ता नीट केला की संपते. पण दुपारच्या पोस्टिंगला कोणतेच शिक्षक थांबत नाहीत, हे तक्ता कितीही सुंदर केला तरी सुटत नाही, कारण कुणाची तरी दुपार जाणार आहे.

अशा विषयाची पहिली चर्चा बैठकीत करूच नका. प्रत्येकाला आधी एकेकटं भेटा, वीस मिनिटं, आणि एकच विचारा : ‘यात तुमची अडचण कुठे होते?’ बैठकीत फक्त निवड ठेवा, म्हणजे पाळी आठवड्याने बदलायची की महिन्याने. इतिवृत्तात प्रत्येक निर्णयापुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख. ‘सर्वांनी करावे’ असं लिहिलेलं काम कुणाचंच नसतं. पहिली पाळी स्वतः घ्या, पण दर वेळी नको. नाहीतर तीच रीत पडते.

प्रश्न : मेंटॉर असूनही समित्यांवर, परिषदांत माझं नाव कुणी सुचवत नाही. – सहाय्यक प्राध्यापक, औषधनिर्माणशास्त्र

सल्ला देणारा आणि तुमच्या गैरहजेरीत तुमचं नाव पुढे करणारा, ही दोन वेगळी माणसं असू शकतात. दुसऱ्याला नेमकं मागावं लागतं : ‘अमुक कार्यगटात जागा होणार आहे, माझं नाव सुचवाल का?’ सोबत एका पानाचा परिचय द्या. नुसतं ‘संधी असेल तर सांगा’ कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न : वीस नव्या शिक्षकांसाठी मेंटॉरिंग सुरू करायचं आहे. जोड्या कशा लावाव्यात? – विभागप्रमुख

नव्यांकडून तीन नावं मागवा, त्यातून जोडी लावा. नुसती यादी काढून वाटप करू नका. एका मेंटॉरकडे दोन, फार तर तीन. हे काम त्यांच्या कार्यभारात तासांनी मोजा, नाहीतर दुसऱ्या सत्रात भेटी थांबतात. मेंटॉरनाही अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या : ऐकणं, लेखकक्रम, गोपनीयता. तीन महिन्यांनी दोघांना स्वतंत्रपणे विचारा आणि कारण न सांगता जोडी बदलण्याची मुभा ठेवा.

मूल्यमापनात ‘कार्यक्रम आवडला का?’ एवढ्यावर थांबू नका. आराखड्यातली किती उद्दिष्टं पूर्ण झाली, पहिला प्रकल्प मंजूर झाला का, दोन वर्षांनी माणूस टिकला का, हे बघा. सुरुवातीची नोंद आजच घेऊन ठेवा, नंतर तुलनेला काही उरत नाही. मेंटॉरविषयीचा अभिप्राय एक-दोन जणांचाच असेल तर निनावी राहत नाही. तो मेंटॉरनिहाय न देता सगळ्यांचा एकत्र करूनच द्या.