मूळ रूपात टिकलेली जुनी अमेरिकन गाडी आणि तिचे मालक

नव्याने रंगवून चकाचक केलेली नव्हे, तर जशीच्या तशी टिकलेली जुनी अमेरिकन गाडी कोणती आणि ती कोणाकोणाकडे होती, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते पहिला मान १९०६च्या लोकोमोबिलचा, म्हणजे ‘ओल्ड १६’चा.

कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या लोकोमोबिल कंपनीने ती खास व्हँडरबिल्ट कप या अमेरिकेतल्या मोटार शर्यतीसाठी बांधली. आराखडा अँड्र्यू रायकर यांचा. सिलिंडर चारच, पण इंजिन तब्बल १६ लिटरचं! बॉडी म्हणाल तर जवळपास नाहीच: उघड्यावर दोन सीट आणि मागे पेट्रोलची टाकी. १९०६च्या शर्यतीत टायरांनी दगा दिला. १९०८मध्ये मात्र जॉर्ज रॉबर्टसनने ताशी १०३ किलोमीटरच्या सरासरीने ती जिंकली. हा कप जिंकणारी ही पहिली अमेरिकन गाडी. त्या दिवशीचा १६ हा आकडा अजून तिच्यावर आहे.

काही वर्षं कंपनीकडे राहून ती जोसेफ सेशन्स यांच्याकडे गेली. १९४१मध्ये चित्रकार पीटर हेल्क यांनी ती घेतली. १९०६ची शर्यत त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली! त्यांनी गाडी झाकून ठेवली नाही, हौसेने चालवली. पण नव्यासारखी करण्याच्या फंदात पडले नाहीत. खरं श्रेय मी त्यालाच देईन, कारण मूळ रंग एकदा खरवडला की गेलाच. १९८८मध्ये हेल्क वारले. १९९७पासून गाडी मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.